गॅरिंचाचा भाबडेपणा कोणाच्या सोयीचा?

1958 च्या फुटबॉल विश्वचषकासाठी ब्राझीलचा संघ स्वीडनमध्ये असतानाची म्हणून एक गोष्ट गेली अनेक दशके सांगितली जाते. त्या संघातला खेळाडू गॅरिंचा याने तिथे एक ट्रान्झिस्टर रेडिओ विकत घेतला. संघाच्या मालिशवाल्याने तो लावून पाहिला आणि म्हणाला, "अरे, हा तर नुसता स्वीडिश बोलतो, ब्राझीलमध्ये तुझ्या काय कामाचा?" गॅरिंचाला ते पटले आणि त्याने तो रेडिओ त्याच मालिशवाल्याला पडत्या किमतीत देऊन टाकला. ही गोष्ट घडली असण्याचा संभव कमीच आहे. त्याच्या नावावर खपणारे कितीतरी किस्से रिओतील क्रीडा पत्रकारांच्या अड्ड्यांवर जन्माला आले. पण ती खरी की खोटी यापेक्षा ती ऐकली कशी जाते, हे पाहण्यासारखे आहे. ऐकणारे सगळे गॅरिंचाला हसतात, अगदी मायेने हसतात. रेडिओ स्वस्तात पदरात पाडून घेणाऱ्या माणसाबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढत नाही.

गॅरिंचाच्या आयुष्याबद्दल जे काही सांगितले-लिहिले गेले, त्यातल्या बऱ्याच भागाची घडण या गोष्टीसारखीच आहे. तो निरागस होता, पाखरासारखा होता, त्याला पैशाचे कळत नव्हते, प्रतिस्पर्ध्याचे नावही ठाऊक नसायचे, तो खेळला तो निव्वळ आनंदासाठी आणि संपला तो नशिबाने. ब्राझीलने त्याला 'लोकांचा आनंद' अशी पदवी दिली आणि ती त्याच्या थडग्यावरही कोरली. हे वर्णन प्रेमापोटी आले असेल, नाही असे नाही. पण ते अपुरे आहे आणि त्याहून अधिक म्हणजे ते अनेकांच्या सोयीचे आहे, असे माझे म्हणणे आहे. ज्याला काही कळत नव्हते, त्याची फसवणूक कोणी केली असे म्हणता येत नाही. आणि ज्याला काही कळत नव्हते, त्याने इतरांना जे भोगायला लावले त्याचाही जाब विचारता येत नाही. भाबडेपणाच्या एकाच पांघरुणाखाली त्याचा क्लब झाकला गेला, सरकार झाकले गेले आणि खुद्द गॅरिंचाही झाकला गेला.

मानुएल फ्रान्सिस्को दोस सांतोस, म्हणजेच गॅरिंचा, याचा जन्म 28 ऑक्टोबर 1933 चा, रिओ राज्यातल्या पाव ग्रांदे या गावचा. गाव म्हणजे खरे तर एक कापडगिरणी आणि तिच्याभोवतीची वस्ती. घरे गिरणीची, फुटबॉलचा संघही गिरणीचा. वडील गिरणीच्याच नोकरीत होते आणि मुलगाही चौदाव्या वर्षी तिथेच लागला. कामात त्याचे लक्ष नसे, तरी संघासाठी तो हवा होता म्हणून गिरणीने त्याला सांभाळून घेतले. खेळापुरते सांभाळून घेण्याची ही रीत पुढे त्याला आयुष्यभर पुरली. त्याचे दोन्ही पाय एकाच बाजूला वाकलेले होते, उजवा आत आणि डावा बाहेर, शिवाय दोहोंच्या लांबीत काही सेंटिमीटरचा फरक होता. 1953 मध्ये तो बोटाफोगो क्लबात चाचणीसाठी आला तेव्हा त्याने निल्टन सांतोस या देशातल्या अव्वल बचावपटूला असे काही चकवले की, याला आजच करारबद्ध करा, नाहीतर मला त्याच्याविरुद्ध खेळावे लागेल, असे निल्टननेच क्लबला सांगितले, अशी आठवण सांगतात.

त्याचा खेळ भाबड्या माणसाचा नव्हता, हे समजण्यासाठी त्याची एकच चाल जवळून पाहिली तरी पुरे. उजव्या सीमारेषेजवळ चेंडू त्याच्याकडे येई आणि तो चेंडू पूर्ण थांबवी. समोर बचावपटू दोन हातांवर. गॅरिंचाचे शरीर डावीकडे झुके, चेंडू जागेवरच. बचावपटूचा भार एका पायावर जाई आणि तो कसाबसा सावरे. पुन्हा तेच, चेंडू अजून जागेवरच. मग बचावपटूचा तोल ज्या क्षणी चुकीच्या पायावर अडकलेला असे, नेमक्या त्या क्षणी तो उजवीकडून, रेषेला चिकटून निसटे. तो बहुतेक वेळा उजवीकडेच जातो, हे साऱ्या जगाला माहीत होते आणि माहीत असून उपयोग नव्हता. समोरच्याच्या शरीरातला तोल वाचण्याचे इतके बारीक गणित ज्याला दर सामन्यात, हजारो लोकांसमोर, पळभरात सोडवता येत होते, त्याला 'काही कळत नव्हते' असे म्हणणे म्हणजे कळणे ही गोष्ट फक्त कागदावरची मानणे होय.

कागदावर तो खरोखरच नापास झाला होता. 1958 मध्ये ब्राझीलच्या संघाबरोबर एक मानसशास्त्रज्ञ होता आणि त्याने घेतलेल्या चाचण्यांत गॅरिंचाला इतके कमी गुण मिळाले की, मोठ्या सामन्याचा ताण पेलण्यास तो योग्य नाही, असा निष्कर्ष निघाला. पहिल्या दोन सामन्यांत तो बाहेर बसला, याचे खापर या चाचणीवर फोडावे की प्रशिक्षकांना त्याच्या बेशिस्तीची धास्ती वाटत होती म्हणून, याबद्दल मतभेद आहेत. 15 जून 1958 रोजी गोटेनबर्गमध्ये सोव्हिएत संघाविरुद्ध त्याला उतरवले गेले. सुरुवातीलाच त्याने डाव्या बचावपटूला एकामागून एक हुलकावण्या दिल्या आणि त्याचा फटका गोलखांबाला लागला. पेलेचाही फटका खांबावर आदळला. तिसऱ्या मिनिटाला वावाने गोल केला. समोर गोलमध्ये लेव्ह याशिनसारखा नामांकित गोलरक्षक होता. ब्राझीलने ती स्पर्धा जिंकली आणि त्यापुढे पेले व गॅरिंचा दोघे मैदानात असताना ब्राझीलचा राष्ट्रीय संघ एकदाही हरला नाही.

चार वर्षांनी चिलीत पेले दुसऱ्याच सामन्यात जखमी झाला आणि विश्वचषकाचा भार गॅरिंचावर आला. उपांत्यपूर्व फेरीत इंग्लंडविरुद्ध दोन गोल, उपांत्य फेरीत यजमान चिलीविरुद्ध दोन गोल. त्या उपांत्य सामन्यात एका चिली खेळाडूला लाथ मारल्याबद्दल पंचांनी त्याला बाहेर काढले. अंतिम सामना चार दिवसांवर होता. मग चक्रे फिरली. ब्राझीलचे तत्कालीन पंतप्रधान तांक्रेदो नेव्हिस यांनी फुटबॉलच्या शिस्तपालन समितीला तार पाठवून रदबदली केली. ज्या सीमापंचाने ती लाथ पाहिली होती तो साक्ष द्यायला हजर राहिला नाही. गॅरिंचाला समज देऊन सोडण्यात आले आणि अंगात ताप असताना तो अंतिम सामना खेळला. एका खेळाडूला मैदानात उतरवण्यासाठी राज्ययंत्रणा किती तत्परतेने हलू शकते, याचा हा पुरावा आहे. त्याच खेळाडूच्या गुडघ्यांना पुढे उपचारांची गरज पडली, तेव्हा अशी तार कोणी केल्याचे आढळत नाही.

त्या काळच्या ब्राझीलमध्ये 'पासे' नावाची पद्धत होती. खेळाडूचा करार संपला तरी त्याच्या नोंदणीवरचा हक्क क्लबकडेच राही. क्लबने किंमत घेऊन सोडले तरच तो दुसरीकडे खेळू शके. म्हणजे पगार पटला नाही तर सोडून जाण्याची मुभा नाही आणि न सोडता भांडायचे तर मैदानाबाहेर बसायचे. गॅरिंचा कोऱ्या करारावर सही करी, रक्कम क्लब नंतर भरी, असे त्याच्याबद्दल हसत सांगितले जाते. पण जिथे सौदा करण्याची ताकदच एका बाजूला नाही, तिथे करार कोरा असला काय आणि भरलेला असला काय, फरक किती उरतो? शहाण्यासुरत्या सहकाऱ्यांनी चार पैसे अधिक मिळवले हे खरे. पण पाशातून सुटका त्यांचीही नव्हती. 1971 मध्ये बोटाफोगोचाच अफोन्सिन्यो हा खेळाडू, दाढी आणि केस कापायला नकार दिल्यामुळे क्लबने त्याला बाजूला ठेवले म्हणून न्यायाधिकरणात गेला आणि आपला 'पासे' स्वतःच्या ताब्यात मिळवणारा पहिला ब्राझिली फुटबॉलपटू ठरला. गॅरिंचाला बोटाफोगोने विकून त्याआधीच पाच वर्षे झाली होती.

गुडघ्यांचे प्रकरण याहून गंभीर आहे. वाकड्या पायांवर, चकवताना सारा भार झेलणाऱ्या सांध्यांची झीज होणार हे उघड होते आणि 1963 पर्यंत ती स्पष्ट दिसू लागली. विश्रांतीची गरज होती. पण बोटाफोगोचे उत्पन्न मोठ्या प्रमाणात परदेश दौऱ्यांवर होते आणि गॅरिंचा खेळणार असेल तरच यजमान पूर्ण मानधन देत. म्हणून गुडघ्यात सुया टोचून पाणी काढायचे, वेदनाशामक द्यायचे आणि पुढच्या शहरात उतरवायचे. शस्त्रक्रिया झाली ती 1964 मध्ये, तोवर फार उशीर झाला होता. 1966 च्या विश्वचषकात तो दिसला, पण तो गॅरिंचा नव्हता. लिव्हरपूलमध्ये हंगेरीकडून ब्राझील 3-1 असे हरले, तो त्याचा राष्ट्रीय संघातर्फे शेवटचा सामना आणि त्याने पाहिलेला एकमेव पराभव.

याच काळात, 1963 मध्ये, त्याने क्लबकडे अधिक पैसे मागितले होते. एरवी ज्याच्या भोळेपणाचे गोडवे गायले जात, त्याने हिशेब मागितल्याबरोबर वृत्तपत्रांनी आणि क्लबच्या चाहत्यांनी शोध लावला की, हे त्याचे बोलणेच नव्हे, एल्झा सोअरेस या गायिकेने त्याचे कान भरले आहेत. भाबड्या माणसाला स्वतःचा स्वार्थ असूच शकत नाही. असलाच तर तो कोणा बाईने शिकवलेला असणार! एल्झा रिओच्या गरीब वस्तीतून वर आलेली, स्वतःच्या कमाईवर उभी असलेली कृष्णवर्णीय कलाकार होती. गॅरिंचाची पत्नी नाइर आणि तिच्या आठ मुलींचा संसार तिने मोडला, असा ठपका ठेवून तिला जाहीरपणे शिवीगाळ झाली, घरावर हल्ले झाले आणि शेवटी दोघांना काही काळ इटलीत जाऊन राहावे लागले. संसार गॅरिंचाने सोडला होता. खापर एल्झाच्या डोक्यावर फुटले.

'लोकांचा आनंद' या बिरुदाखाली सर्वांत जास्त काही दबले असेल तर ते या दोन स्त्रियांचे आयुष्य. नाइरला आणि मुलींना पोटगीसाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली. 1969 मध्ये गॅरिंचा चालवत असलेल्या मोटारीला अपघात झाला आणि त्यात एल्झाची आई गेली. दारू वाढत गेली, मारहाण होऊ लागली आणि 1977 मध्ये एल्झाने त्याला सोडले. हे सगळे सांगताना अजूनही आवाज खाली येतो, जणू ते बोलले तर रिओच्या माराकाना मैदानावरचा तो आनंद नासेल. मला हा संकोच समजतो, पण मान्य नाही. गॅरिंचाला अन्याय सोसावा लागला आणि त्याने अन्याय केलाही. दोन्ही वाक्ये एकाच वेळी उच्चारता येतात. उलट पहिले वाक्य ठामपणे म्हणायचे असेल तर दुसरे गिळून चालत नाही, कारण त्याला बालक ठरवून माफ केले की त्याच्या मालकांनाही पालक ठरवून माफ करावे लागते.

यावर पेलेचे उदाहरण पुढे केले जाते. दोघेही गरीब घरचे, दोघेही कृष्णवर्णीय म्हणून वाढलेले (गॅरिंचाच्या घराण्यात आदिवासी वारसाही होता), दोघेही पासेने बांधलेले. एक जगभराचा दूत झाला, दुसरा दारूत बुडाला. तेव्हा फरक स्वभावाचा आहे, व्यवस्थेचा नव्हे. हा युक्तिवाद वरवर बिनतोड दिसतो. पण पेलेलाही साठच्या दशकात विश्वासातल्या माणसांच्या हाती व्यवहार सोपवल्यामुळे जबर आर्थिक फटका बसला होता. तो त्यातून वर आला, कारण त्याचे गुडघे शाबूत होते, सांतोस या त्याच्या क्लबबरोबर आणखी कित्येक वर्षे खेळता आले आणि 1975 मध्ये न्यूयॉर्कच्या कॉसमॉस क्लबचा मोठा करार हाती आला. चूक दोघांनीही केली; ती निस्तरायला लागणारा वेळ एकालाच मिळाला. स्वभावाचा वाटा मी नाकारत नाही. मात्र तिशीतच शरीर संपलेल्या माणसाच्या स्वभावाला सारे श्रेय किंवा दोष देणे हे त्याचे गुडघे विकून खाल्लेल्यांना फारच स्वस्तात सोडणे आहे.

मदत झालीच नाही, असेही म्हणता येणार नाही. 19 डिसेंबर 1973 रोजी माराकानावर त्याच्यासाठी निरोपाचा सामना झाला, सव्वा लाखाहून अधिक लोक आले, त्याला बरीच रक्कम मिळाली. अधूनमधून सरकारी संस्थांनी किरकोळ काम दिले. पण ही सारी मदत कृपेच्या रूपाने आली, देणे म्हणून नव्हे; आणि कृपा करणाऱ्याला मोबदल्यात माणूस दाखवायला हवा असतो. 1980 च्या कार्निव्हलमध्ये मांगेरा या प्रसिद्ध साम्बा मंडळाने त्याला आपल्या चित्ररथावर बसवले. आजारपणातून तो नुकताच बाहेर आला होता. भोवती ढोल, नाच, रोषणाई आणि मध्यभागी सुजलेल्या चेहऱ्याचा, शून्यात पाहणारा गॅरिंचा. हात हलवण्याचेही त्राण नसलेला. देशभर दूरचित्रवाणीवर ते दृश्य दिसले. त्याचा गौरव करायचा म्हणून त्याला तिथे नेले होते, यात शंका नाही. 20 जानेवारी 1983 रोजी वयाच्या 49 व्या वर्षी दारूने पोखरलेले शरीर थांबले. माराकानावर अंत्यदर्शनासाठी रीघ लागली आणि पाव ग्रांदेच्या रस्त्यावर दुतर्फा गर्दी उभी राहिली.

मृत्यूनंतर त्याच्या नावाचा सर्वांत मोठा उपयोग राजधानी ब्राझिलियाने केला. तिथले मैदान त्याच्या नावाने ओळखले जाते आणि 2014 च्या विश्वचषकासाठी ते पाडून सुमारे 70 हजार प्रेक्षकांचे नवे उभारले गेले. खर्च एक अब्ज रियालांच्या (रियाल हे ब्राझीलचे चलन) बराच पुढे गेला. त्या स्पर्धेतल्या सर्वांत महागड्या मैदानांत त्याची गणना झाली, तेही अशा शहरात जिथे पहिल्या श्रेणीत खेळणारा संघ नव्हता. स्पर्धा संपल्यावर मैदानाच्या आवारात बसगाड्या उभ्या राहू लागल्या. 2017 मध्ये बांधकामातील गैरव्यवहाराच्या तपासात दोन माजी राज्यपालांना अटक झाली. त्यानंतर एका बँकेने नामकरणाचे हक्क घेतले आणि आता गॅरिंचाच्या नावाआधी त्या बँकेचे नाव लागते. त्याच 2017 मध्ये कुटुंबीयांकडून असेही समोर आले की, गावाजवळच्या दफनभूमीत त्याचे अवशेष नेमके कुठे आहेत, याची खात्री राहिलेली नाही.

स्मृतीवर हक्क कोणाचा, हा वादही त्याच्याच निमित्ताने न्यायालयात गेला. 1995 मध्ये त्याचे सविस्तर चरित्र प्रसिद्ध झाले आणि त्यात दारू, संबंध, मारहाण सारे मोकळेपणाने आले. मुलींनी दावा लावला, काही काळ पुस्तकाची विक्री थांबली, पुढे भरपाईही मंजूर झाली. बापाच्या नावावर इतरांनी कमवावे आणि आपल्या वाट्याला बदनामी यावी, ही त्यांची तक्रार मला बिनबुडाची वाटत नाही. तरीही पुस्तक थांबवणे चूक होते. 2015 मध्ये ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयाने चरित्रासाठी पूर्वपरवानगीची अट एकमताने रद्द केली, ते योग्यच झाले. गॅरिंचावर सर्वांत जास्त अन्याय करणारे लेखन हे त्याच्या दोषांचे नव्हते. ते रेडिओच्या गोष्टीसारखे, लडिवाळ आणि निरुपद्रवी वाटणारे होते.

मग त्याचे देणे फेडायचे कसे? याचे एक उत्तर पेलेच्याच नावाने आले. पेले क्रीडामंत्री असताना 1998 मध्ये झालेल्या कायद्याने 'पासे' रद्द ठरवला आणि 2001 पासून तो प्रत्यक्षात संपला. या कायद्याने दलालांचे फावले, लहान क्लब लयाला गेले, अशी टीका होते आणि तीत तथ्य आहे. तरी करार संपलेला माणूस मोकळा असावा, एवढी साधी गोष्ट मान्य व्हायला गॅरिंचाच्या मृत्यूनंतर 18 वर्षे लागली. त्यानंतर 2012 मध्ये, विश्वचषकाच्या तयारीसाठी केलेल्या कायद्यात, 1958, 1962 आणि 1970 च्या विजेत्या खेळाडूंना प्रत्येकी एक लाख रियाल आणि गरजूंना मासिक साहाय्य देण्याची तरतूद झाली. मृतांची रक्कम वारसांना मिळणार होती. ब्राझिलियात त्याच्या नावाचे मैदान याच वर्षी उभे राहत होते.

ही तरतूद मी चांगलीच मानतो, पण तिचा निकष पाहण्यासारखा आहे. साहाय्य विश्वविजेत्यांना आहे, खेळून शरीर झिजवलेल्यांना नाही. ब्राझीलच्या फुटबॉल महासंघाने 2016 मध्ये जाहीर केलेल्या आकड्यांनुसार तिथल्या नोंदणीकृत व्यावसायिक फुटबॉलपटूंपैकी दर दहांतले आठ जण महिन्याला हजार रियालपर्यंतच कमावत होते. त्यांच्यातल्या एखाद्याच्या गुडघ्यात गॅरिंचासारख्याच सुया टोचल्या गेल्या, तर त्याच्यासाठी निरोपाचा सामना होणार नाही, पंतप्रधान तार करणार नाहीत आणि 2012 च्या यादीत तर त्याचे नाव असणेच शक्य नाही.